सेंद्रिय भाजीची चव आणि जिभेच्या साक्षीची मर्यादा

पुण्यात थेट शेतकऱ्यांकडून सेंद्रिय भाजी घेणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांमध्ये एक तक्रार वारंवार ऐकू येते. पालकाला कसलीतरी औषधासारखी चव लागली, गाजर कडवट निघाले, बिटाला मातीचा वास आला, काकडीचे एक टोक तोंडात धरवेना. या तक्रारीच्या पाठोपाठ बहुतेक वेळा दुसरे वाक्य येतेच, की सेंद्रिय म्हणून दुप्पट भाव घेतात आणि गुपचूप फवारणी करतात. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर जी उडी मारली जाते, तिच्याबद्दल मला लिहायचे आहे. चव बिघडणे आणि भाजी दूषित असणे यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. जिथे तो खरोखर प्राणावर बेतणारा आहे, तिथे मात्र आपण जिभेचे ऐकत नाही, असे माझे अनुभवाने आणि वाचनाने झालेले मत आहे.

मेथीचे उदाहरण घेते. आमच्याकडे पुरंदर तालुक्यातून भाजी येते. एकदा आलेली मेथी परतून झाल्यावर तिच्या नेहमीच्या कडवटपणावर आणखी एक चिकट, घशात रेंगाळणारा कडूपणा चढलेला होता. उरलेल्या जुडीची पाने चोळून पाहिली, तर बोटांना किंचित तेलकटपणा आणि लसणाच्या जवळ जाणारा उग्र वास लागला. मी फोन केला तेव्हा शेतकऱ्याने काही न लपवता सांगितले, "ताई, मावा लई पडला होता, म्हणून निंबोळी अर्क आणि नीमतेल मारलं. आन् गाडी निघायची होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी उपटली." मावा म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, आणि तिच्यासाठी सेंद्रिय शेतीत निंबोळी अर्काला पूर्ण मान्यता आहे. साधारण पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या शंभर लिटर पाण्यात असे त्याचे प्रमाण शेतकरी वर्षानुवर्षे वापरत आले आहेत, आणि त्यातले मुख्य द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, उन्हात काही दिवसांतच विघटित होते. चूक असलीच तर फवारणी आणि तोडणी यांच्यात पुरेसे दिवस न सोडण्याची होती. त्या मेथीला लागलेली चव ही फसवणुकीची खूण नव्हती; उलट रासायनिक फवारणी झाली असती तर बहुधा मला काहीच कळले नसते.

बिटाच्या मातकट वासाबद्दलही असाच गैरसमज आहे. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणारा जो वास आपल्याला इतका प्रिय आहे, त्यातला प्रमुख घटक जिओस्मिन हाच बिटातही असतो, आणि माणसाचे नाक तो अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही ओळखते. भाजी नीट न धुतल्याचा किंवा सांडपाण्यावर वाढवल्याचा तो पुरावा नव्हे. आम्लात जिओस्मिन टिकत नाही, म्हणून लिंबू पिळलेल्या कोशिंबिरीत तो वास बराच मावळतो. गाजराची गोष्ट वेगळी आहे. सफरचंद, केळी, चिकू अशी पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात, आणि त्या वायूच्या सान्निध्यात ठेवलेल्या गाजरात कडवट संयुगे तयार होतात. फ्रिजच्या एकाच कप्प्यात सफरचंदे आणि गाजरे आठवडाभर नांदली, तर गाजर कडू होण्यात शेतकऱ्याचा काहीही दोष नसतो. बटाट्याच्या बाबतीत मात्र जिभेवर जळजळ जाणवली तर ती गांभीर्याने घ्यावी. उजेडात राहून हिरवट झालेल्या बटाट्यात सोलॅनिनसारखी ग्लायकोअल्कलॉइड द्रव्ये वाढतात, ती शिजवून जात नाहीत, आणि किलोमागे 200 मिलिग्रॅम ही त्यांची सर्वसाधारण वरची मर्यादा मानली जाते. हिरवा भाग खोल कापून टाकावा, आणि बटाटा सगळाच हिरवा असेल तर तो टाकून द्यावा.

आता दुधीविषयी, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या एका भाजीने माणसे मेली आहेत. 2010 मध्ये दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमून अशा विषबाधांचा आढावा घेतला. 2018 मध्ये पुण्यातल्या एका धडधाकट, नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रीचाही दुधीच्या रसानंतर मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. दुधी, काकडी, दोडका, पडवळ, भोपळा या साऱ्या वेलवर्गीय कुळात कुकुरबिटासिन नावाची अतिकडू द्रव्ये असतात. वेल आपल्या संरक्षणासाठी ती तयार करतो. माणसाने शतकानुशतके गोड फळांचे बी राखत आणल्यामुळे ताटातल्या वाणांत ती नगण्य उरली आहेत, पण तीव्र उन्हाळा, पाण्याचा ताण किंवा बियाण्यातला दोष यांमुळे ती पुन्हा वाढू शकतात. असा रस पोटात गेला की थोड्याच वेळात उलट्या आणि जुलाब सुरू होतात, उलटीतून रक्त पडू शकते, रक्तदाब झपाट्याने खाली येतो. यावर उतारा असे कोणतेही औषध नाही. रुग्णालयात सलाइन लावून आणि लक्षणांवर उपचार करूनच रुग्णाला सावरावे लागते.

सेंद्रिय आणि देशी बियाण्याच्या चळवळीशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे, आणि त्याबद्दल आपण पुरेसे बोलत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचा आणि सतारीचा भोपळा पंढरपूरच्या परिसरात पिकतो. तो कडू भोपळा आणि आपला दुधी या शास्त्रीयदृष्ट्या एकाच प्रजातीच्या वनस्पती आहेत, आणि त्यांचे परागीभवन एकमेकांशी सहज होते. अशा संकराने त्या हंगामातले फळ कडू होत नाही. त्या फळातले बी राखून पुढच्या हंगामात लावले, तर त्या वेलाला दिसायला अगदी दुधीसारखी पण आतून कडू फळे येऊ शकतात. म्हणून घरचे बी राखणाऱ्या शेतकऱ्याने बियाण्याचा वेल इतर भोपळ्यांपासून लांब ठेवणे, किंवा मादी फुले बांधून हाताने परागीभवन करणे आवश्यक असते. देशी वाण जपण्याच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हे काम करणाऱ्यांनी ही काळजी सर्वांत आधी घ्यावी असे मला वाटते.

माझी आजी दोडका, काकडी किंवा दुधी चिरायला घेतली की देठाकडचा एक तुकडा जिभेवर ठेवून थुंकत असे, आणि कडू लागला तर अख्खे फळ उकिरड्यावर जात असे. महागाईच्या दिवसांतही त्यात कधी तडजोड झाली नाही. घरोघरच्या बायकांच्या हातात मुरलेली ही सवय रसाच्या प्रथेने मोडून टाकली. सकाळी अनशापोटी दुधीचा रस घ्यायचा, त्यात पुदिना, आवळा, आले घालायचे, काही जण तर कारलेही घालतात. मग कडूपणा दुधीचा आहे की कारल्याचा, हे कळणार कसे? त्यात आरोग्यासाठी जे घ्यायचे ते कडू असायचेच, ही आपली समजूत माणसाला नाक दाबून पेला संपवायला लावते. वर सांगितलेल्या समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखावा, कडू असेल तर टाकून द्यावा, दुधीच्या रसात इतर रस मिसळू नयेत, आणि रस घेतल्यावर त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. सेंद्रिय असो वा नसो, कडू दुधी शिजवूनही खाऊ नये, कारण कुकुरबिटासिन उष्णतेने नष्ट होत नाही.

मेथीवरचा निंबोळी अर्क सोडला, तर इथपर्यंत सांगितलेली सगळी कारणे भाजीच्या स्वतःच्या शरीरातली होती. बाहेरून येणारे दूषण जिभेला सहसा कळत नाही, पण याला एक जुना आणि महत्त्वाचा अपवाद आहे. आमच्या लहानपणी मुंग्या आणि वाळवी यांच्यासाठी घरात गॅमेक्सीनची पांढरट पूड टाकली जाई. त्याच कुळातले बीएचसी हे कीटकनाशक शेतात प्रचंड प्रमाणात वापरले गेले, आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकत असे. बीएचसीने माखलेल्या जमिनीत आलेल्या बटाट्याला आणि इतर कंदांना एक कुबट, बुरशीसारखी चव येत असे, आणि अनेक देशांत त्याबद्दलच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. भारताने 1997 मध्ये बीएचसीवर बंदी घातली. आज वापरात असलेली बहुसंख्य कीटकनाशके मात्र भाजीत उरतात तेवढ्या प्रमाणात रुचिहीन आणि गंधहीन असतात. त्यांतली आंतरप्रवाही द्रव्ये झाडाच्या रसातून पानाफळांत पोहोचतात, त्यामुळे ती मिठाच्या किंवा चिंचेच्या पाण्याने धुऊन जात नाहीत.

नाशिकच्या द्राक्षांनी हे आपल्याला 2010 मध्ये फार महागात शिकवले. युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक मर्यादेपेक्षा अधिक आढळले. बागायतदार त्याला लिहोसीन या नावाने ओळखत आणि वेलीची शेंडावाढ रोखण्यासाठी सर्रास वापरत. माल अडकला, परत आला, मातीमोल भावाने गेला, आणि कित्येक बागायतदार कर्जात बुडाले. ती द्राक्षे चवीला उत्तम होती. ज्याने घड खुडला त्यालाही, ज्याने खाल्ला त्यालाही त्यात काही वावगे जाणवणे शक्य नव्हते. ते फक्त प्रयोगशाळेच्या यंत्राला दिसले. निर्यातीच्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट नोंदलेला असतो, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली त्याच्या अवशेषांची तपासणी होते, आणि घडावरून बागेपर्यंत माग काढता येतो. आपल्या घरात येणाऱ्या मेथीच्या जुडीला असा कोणताही पत्ता नसतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. परदेशातल्या ग्राहकासाठी आपण उभी केलेली व्यवस्था आपल्याच लेकरांच्या ताटापर्यंत का येऊ नये?

रोगजंतूंच्या बाबतीत सेंद्रिय शेतीला अधिक जागरूक राहावे लागते, हे सेंद्रियचा पुरस्कार करणाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. 2011 च्या मे-जूनमध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या ओ104:एच4 या घातक प्रकाराची साथ पसरली. सुरुवातीला हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पॅनिश काकडीवर बोट ठेवले, स्पेनच्या शेतकऱ्यांची भाजी युरोपभर नाकारली गेली, आणि नंतर तो आरोप निराधार ठरला. अखेर रुग्णांनी कोणत्या उपाहारगृहात कोणता पदार्थ खाल्ला आणि त्या पदार्थात काय काय घातले होते, याचा माग काढत तपास लोअर सॅक्सनीतील बीनेनब्युटेल इथल्या एका सेंद्रिय शेतावर पोहोचला. तिथे मोड आणलेली कडधान्ये व बिया तयार होत, आणि संशयाची सुई इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर स्थिरावली. तोवर साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले होते, आणि पन्नासहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. ते कोवळे मोड ताजे, कुरकुरीत आणि चवदार होते, म्हणूनच लोकांनी ते आवडीने खाल्ले. आपल्याकडे मोड आलेल्या मटकीची उसळ शिजून ताटात येते, त्यामुळे हा धोका बराच कमी होतो. पण अलीकडे आरोग्याच्या नावाखाली कच्चे मोड वाटीभरून खाण्याची जी पद्धत रुळली आहे, तिच्याबद्दल, निदान लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्या बाबतीत, मला काळजी वाटते.

शेणाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. विदर्भातून पुढे आलेल्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत जीवामृताला मध्यवर्ती स्थान आहे. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो ताजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती कालवून ते आंबवले जाते आणि पिकाला दिले जाते. जमिनीतली सूक्ष्मजीवसृष्टी जागी करण्याचा त्याचा हेतू मला पटतो. पण ताज्या शेणात ई. कोलाय असतातच, आणि जनावराला काही त्रास न देता त्यांतले घातक प्रकारही त्याच्या आतड्यात राहू शकतात. जमिनीतून वेलाच्या किंवा तुरीच्या मुळाशी गेलेले जीवामृत आणि तोडणीच्या आधी पालकाच्या किंवा कोथिंबिरीच्या पानांवर शिंपडलेले जीवामृत यांत फार मोठा फरक आहे. अमेरिकेतील सेंद्रिय नियमांनुसार कच्चे शेण शेतात घातल्यानंतर, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर 120 दिवस आणि लागत नसेल तर 90 दिवस काढणी करता येत नाही. पुरेशा उष्णतेत नीट कुजलेल्या खताला ही अट नसते, कारण चांगल्या ढिगात तापमान 55 अंशांच्या वर जाते आणि बहुतेक रोगजंतू मरतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या एका शेतकऱ्याने घडवलेली नाडेप खताची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे आहे, तेव्हा कुजवण्याचे शास्त्र आपल्याला परके नाही.

पाण्याबद्दल मला सर्वांत जास्त चिंता वाटते. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेत जाते. त्यातले काही प्रक्रिया होऊन, मुंढव्याहून उचलून, कालव्याने हवेली आणि दौंडच्या शेतीला दिले जाते, तर काही प्रक्रियेविनाच नदीत मिसळते. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणारी पालेभाजी तर लोकलमधून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहे. अशा पाण्यातून शिसे आणि कॅडमियम यांसारखे जड धातू जमिनीत साठत जातात, आणि पालकासारखी पालेभाजी कॅडमियम विशेष शोषून घेते. ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचून राहते. पालेभाजीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेने किलोमागे शिशाची 0.3 आणि कॅडमियमची 0.2 मिलिग्रॅम मर्यादा ठरवली आहे. या प्रमाणात त्यांची चव कोणालाही लागणार नाही. शेतकऱ्याने एक थेंबही रसायन वापरले नाही आणि तरीही पाणी दूषित असेल, तर भाजी दूषित असू शकते. सेंद्रिय या शब्दावर सगळा विश्वास टाकून आपण पाण्याबद्दल विचारतच नाही.

एवढे सगळे लिहूनही मी सेंद्रिय भाजीच घेते, आणि त्यामागे माझ्या ताटापलीकडचे कारण आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले, आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने पिकात चालणाऱ्या माणसाला जे भोगावे लागते, त्यापुढे माझ्या भाजीतला अवशेष फार लहान आहे. जो शेतकरी ही फवारणी टाळतो त्याला चार पैसे जास्त द्यायला मला आनंदच वाटतो. म्हणूनच चव बिघडली की लगेच त्याच्यावर फसवणुकीचा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्याच वेळी त्याला नेमके प्रश्न विचारणे हे माझे कर्तव्यही वाटते.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात सांगते. भारतात सेंद्रिय अन्नाचे नियम 2017 मध्ये आले, आणि प्रमाणित मालासाठी तेव्हा जैविक भारत हे चिन्ह ठरवण्यात आले. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला मात्र प्रमाणपत्रातून सूट आहे, त्यामुळे आमच्या टोपलीवर ते चिन्ह नसणे यात बेकायदा काही नाही. शिवाय प्रमाणपत्र मुख्यतः शेती करण्याची पद्धत तपासते. प्रत्येक जुडी तपासली जात नाही. शेजारच्या बांधावरून वाऱ्याने आलेली फवारणी त्यात दिसत नाही. म्हणून मी विचारते ते असे: पाणी विहिरीचे, कालव्याचे की नदीचे, शेण कच्चे की कुजलेले, आणि पालेभाजीला शेवटचे कधी दिले, शेजारी काय पिकवतो आणि बांधावर शेवरी किंवा गवताचा पट्टा सोडला आहे का, भाजी तोडल्यावर कोणत्या पाण्यात बुडवून धुतली. शेवटचा प्रश्न बहुतेकांना अनपेक्षित असतो, पण शेतातून स्वच्छ आलेली भाजी हौदातल्या घाण पाण्याने खराब होऊ शकते.

आमच्या काही कुटुंबांनी आता वर्गणी काढून भाजीची आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यायचे ठरवले आहे, आणि शेतकऱ्यानेही त्याला आनंदाने होकार दिला आहे. त्यासाठी चौकशी करताना लक्षात आले, की "भाजी तपासून द्या" असे म्हणून प्रयोगशाळेत गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. कीटकनाशकांचे अवशेष, जड धातू आणि रोगजंतू या तीन स्वतंत्र तपासण्या आहेत, तिन्हींचे दर वेगळे आहेत, आणि रोगजंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक पिशवीत, बर्फावर ठेवून, लवकरात लवकर पोहोचवावा लागतो. अवशेषांच्या अहवालात एखाद्या द्रव्यापुढे "मोजण्याच्या मर्यादेखाली" असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ शून्य असा होत नाही. आणि नमुना देण्यापूर्वी प्रयोगशाळेकडून, त्या तपासणीत कोणकोणती द्रव्ये धरली आहेत, त्यांची पूर्ण यादी मागून घ्यावी. क्लोरमेक्वाट किंवा ग्लायफोसेट हे तणनाशक यांसारखी द्रव्ये नेहमीच्या बहुअवशेष तपासणीत, म्हणजे एकाच वेळी अनेक द्रव्ये शोधणाऱ्या तपासणीत, पकडली जात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी पद्धत लागते, आणि ती सांगून, वेगळे पैसे भरून करवून घ्यावी लागते.